तीन हजार डॉलरमधली जपानी क्रूझर: इंजिन ओळखून जुनी गाडी कशी निवडावी

अमेरिकेत पंधरा-पंचवीस वर्षांची जपानी क्रूझर साधारण दोन ते साडेतीन हजार डॉलरमध्ये मिळते. होंडा शॅडो, यामाहा व्ही-स्टार, कावासाकी व्हल्कन, सुझुकी इन्ट्रुडर ही त्यातली मुख्य नावं. त्याच वयाची हार्ले एवढ्यात येत नाही, आणि आलीच तर का आली याचा शोध घ्यावा लागतो. भारतात बुलेट किंवा पल्सर चालवून अमेरिकेत आलेल्या आपल्या लोकांसाठी हा फार चांगला सौदा आहे, पण तो नीट बघून केला तरच.

बहुतेक जण दोन गोष्टींवर भाळतात: क्रोमची चकाकी आणि मीटरवरचे कमी मैल. वीस वर्षांत फक्त चार हजार मैल चाललेली गाडी ऐकायला छान वाटते. प्रत्यक्षात ती अठरा वर्षं गॅरेजमध्ये उभी असते. उभ्या गाडीच्या कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलचा डिंक होतो, टाकी आतून गंजते, टायर दगडासारखे होतात, सील कोरडे पडतात. दरवर्षी दोन-तीन हजार मैल चाललेली, तेल वेळेवर बदललेली पस्तीस हजार मैलांची गाडी तिच्यापेक्षा केव्हाही बरी. उभी गाडी नेहमी चालत्या गाडीपेक्षा महाग पडते.

बघण्याचा क्रम असा ठेवा: आधी कोणत्या स्वभावाचं इंजिन हवं ते ठरवा, मग त्या मॉडेलचं ठरलेलं दुखणं माहीत करून घ्या आणि शेवटी समोरच्या गाडीची तब्येत तपासा.

स्वभाव येतो कुठून

क्रूझरचा आवाज, थरथर आणि खालच्या आरपीएमला मिळणारी ओढ हे सगळं इंजिनाच्या मांडणीतून येतं. सायलेन्सर बदलून त्यावर थोडा मुलामा चढतो, एवढंच.

व्ही-ट्विनमध्ये, म्हणजे व्ही आकारात मांडलेल्या दोन सिलिंडरच्या इंजिनात, दोन्ही कनेक्टिंग रॉड (पिस्टनला क्रँकशी जोडणारे दांडे) क्रँकच्या एकाच पिनवर असतील तर स्फोट सारख्या अंतराने होत नाहीत. यामाहाच्या ७५ अंशांच्या इंजिनात क्रँक २८५ अंश फिरल्यावर एक स्फोट, मग ४३५ अंशांनी दुसरा. त्यामुळे आवाजाला लय येते, आयडलिंगला गाडी अंगात हलते. होंडाने शॅडोत वेगळा रस्ता धरला. सिलिंडरमधला कोन ५२ अंश, पण क्रँकवर दोन पिना, एकमेकींपासून ७६ अंशांनी सरकवलेल्या. या आकड्यांमुळे मुख्य थरथर एकमेकींना मारून टाकते आणि थरथर मारण्यासाठी लागणाऱ्या बॅलन्सर शाफ्टचीही गरज उरत नाही. इंजिन गुळगुळीत चालतं. काहींना तेच आवडतं, काहींना ते निर्जीव वाटतं. ही तक्रार होंडाच्याही कानावर गेली असावी, कारण १९९५ ला आलेल्या शॅडो ११०० एसमध्ये (ACE) त्यांनी मुद्दाम एकच पिन ठेवली. म्हणून ‘शॅडो ११००’ एवढंच वाचून भागत नाही. एस घेतलीत तर लय आणि थरथर मिळेल, स्पिरिट किंवा २००० नंतरची सेबर घेतलीत तर जास्त गुळगुळीत आणि जरा चपळ इंजिन. एकामागोमाग दोन्ही चालवून बघा, फरक पहिल्या मैलातच कळतो.

या गाड्यांवर इतिहासाचाही एक शिक्का आहे. हार्लेला वाचवण्यासाठी रेगन सरकारने १९८३ मध्ये ७०० सीसीच्या वरच्या आयात मोटारसायकलींवरचा कर ४९.४ टक्क्यांवर नेला. जपान्यांनी ७५० सीसीची इंजिनं ७०० च्या आत बसवली. म्हणून १९८४ ते १९८७ मधल्या यामाहा विरागो आणि होंडा शॅडो ७०० सीसीच्या दिसतात. गाडी म्हणून त्यात वाईट काही नाही. मात्र पिस्टन, रिंग, गॅस्केट मागवताना ७५० चा भाग चालेल असं धरू नका, वर्ष आणि मॉडेल नंबर सांगूनच मागवा.

कोणती गाडी कोणासाठी

यामाहा व्ही-स्टार ६५० हे पहिल्या क्रूझरसाठी सगळ्यात सरळ उत्तर. १९९८ ते २०१६ पर्यंत फारसा बदल न होता बनली, त्यामुळे नवे-जुने सुटे भाग मुबलक. हवेने थंड होणारं ७० अंशांचं इंजिन, शाफ्ट ड्राइव्ह, साधारण ४० अश्वशक्ती. सीट जेमतेम ७० सेंटिमीटर उंच, त्यामुळे सव्वापाच फुटी माणसाचेही दोन्ही पाय टेकतात. व्हॉल्व्हची सेटिंग स्क्रू आणि लॉकनटची असल्याने फीलर गेज आणि पाना घेऊन घरी करता येते. ताशी ६० मैलांपर्यंत ती खुशीत असते, ७० ला ओरडायला लागते. रोज इंटरस्टेटवर जायचं असेल तर मोठी बघा. विकत घेताना एक खास प्रश्न विचारा: तेलाबरोबर फिल्टर बदलला का? या इंजिनाचा फिल्टर सायलेन्सरच्या पाइपामागे आहे आणि पाइप सैल करण्याचा कंटाळा करून कित्येक मालक वर्षानुवर्षं फक्त तेल बदलतात. व्ही-स्टार ११०० लाही हीच अडचण आहे. ११०० चं इंजिन जास्त दमदार आणि लयदार, पण सुरुवातीच्या वर्षांत स्टार्टर क्लच कमकुवत निघाला. थंड आणि गरम, दोन्ही वेळा तीन-चारदा स्टार्ट करून बघा. दाणकन आवाज आला किंवा स्टार्टर नुसताच फिरला आणि इंजिन हललं नाही तर तो गेला.

यामाहाचीच जुनी विरागो दिसायला देखणी आणि स्वस्त. १९८१ ते १९८३ च्या ७५० आणि ९२० मध्ये स्टार्टरचं गिअर नीट गुंतत नाही, खरखर आवाज येतो आणि कायमची दुरुस्ती कटकटीची. पुढच्या वर्षांची ११०० किंवा ५३५ घ्या. ५३५ वजनाने हलकी आहे आणि शाफ्ट ड्राइव्हही आहे. १९८९ पासून तिच्या सीटखाली पेट्रोलची दुसरी टाकी आणि इलेक्ट्रिक पंप आला. तो पंप चालू आहे ना ते ऐकून घ्या. इग्निशन ऑन केल्यावर टकटक ऐकू यायला हवी.

होंडा शॅडो व्हीएलएक्स, म्हणजे ६०० सीसीची, अतिशय भरवशाची. तिला चारच गिअर आहेत. शहरात आणि गावरस्त्यांवर हे सुखाचं, हायवेवर पाचव्या गिअरची उणीव भासते. शॅडो ७५० मध्ये एस चेनवर चालते, २००४ पासूनची एरो शाफ्टवर. एरोच्या मालकांची तक्रार फारशी ऐकू येत नाही. तिला स्वभाव कमी, असं मात्र बरेच म्हणतात, आणि ते खरं आहे.

स्वभावच हवा असेल तर सुझुकी सॅव्हेज बघा. २००५ पासून तिचं नाव बुलेवार्ड एस४० झालं. ६५२ सीसी, एकच सिलिंडर, बेल्ट ड्राइव्ह, कोरडं वजन १६० किलोच्या आसपास. बुलेटवर वाढलेल्या माणसाला ही गाडी लगेच जवळची वाटेल. तिची दोन दुखणी जगजाहीर आहेत. एक, सिलिंडर हेडच्या बाजूला एक रबरी प्लग आहे, तो जुना झाला की तिथून तेल झिरपतं. प्लग काही डॉलरचा, पण बदलायला हेड कव्हर काढावं लागतं. दोन, टायमिंग चेनचा टेन्शनर. चेन लांबत जाते तसा त्याचा दांडा बाहेर सरकतो आणि एका मर्यादेनंतर निखळू शकतो. वीस हजार मैलांच्या पुढची सॅव्हेज घेताना टेन्शनर बघितल्याचा किंवा बदलल्याचा पुरावा मागा. बंद करताना किंवा अ‍ॅक्सिलरेटर सोडताना होणारा फटाक्याचा आवाज मात्र तिच्यात नेहमीचा आहे, त्याला घाबरू नका.

कावासाकी व्हल्कन ५०० हिचं इंजिन निन्जा ५०० वरून घेतलेलं, दोन सिलिंडर शेजारी-शेजारी, सहा गिअर. दिसते क्रूझर, पळते स्पोर्ट्‍स गाडीसारखी. व्ही-ट्विनची लय हवी असणाऱ्याचा तिच्यात जीव रमणार नाही. व्हल्कन ७५० चं इंजिन उत्तम, हायड्रॉलिक लिफ्टरमुळे व्हॉल्व्ह सेटिंगची कटकटच नाही, पण स्टेटर (इंजिनातली वीज बनवणारी कॉइल) जळला तर तो बदलायला आख्खं इंजिन फ्रेममधून उतरवावं लागतं. गॅरेजची मजुरी गाडीच्या किमतीला गाठते. ही गाडी घ्यायची तर चार्जिंगची तपासणी झाल्याशिवाय पैसे हातातून सोडू नका. कार्ब्युरेटरच नको असेल तर २००५ पासूनची सुझुकी सी५० किंवा २००६ पासूनची व्हल्कन ९०० बघा. दोन्हींत फ्युएल इंजेक्शन आहे, भाव थोडा चढा असतो.

होंडा मॅग्ना वेगळ्याच वाटेची, चार सिलिंडरची व्ही-फोर. १९९४ ते २००३ ची ७५० झकास पळते. कारण तिचं इंजिन व्हीएफआर ७५० च्या घराण्यातलं. चार कार्ब्युरेटर साफ करणं मात्र दुप्पट काम. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीच्या मॅग्नांमध्ये कॅमशाफ्ट झिजण्याचं दुखणं आहे, त्या टाळा.

यामाहा रोड स्टारला पुशरॉडचं ४८ अंशांचं इंजिन, १९९९ ला १६०० सीसी आणि २००४ पासून १७०० सीसी. जपानी गाड्यांत याहून भारी ठेका सापडणं कठीण. पण वजन तीनशे किलोच्या वर. आधी दोन-तीन वर्षं लहान क्रूझर चालवलेली नसेल तर पार्किंगमध्येच ती आडवी होईल.

यातली एखादी गाडी परत येताना भारतात नेऊ, असा विचार कोणी करत असेल तर तो सोडून द्यावा. जुन्या गाड्यांच्या आयातीचे नियम आणि कर यात ते बसत नाही. पुण्या-मुंबईत बसून जपानी क्रूझरची हौस भागवायची तर कावासाकीच्या एलिमिनेटरवरून बजाजने २००१ मध्ये आणलेली १७५ सीसीची एलिमिनेटर आहे, तिची वारसदार अ‍ॅव्हेंजर तर गल्लोगल्ली आहे.

थंड इंजिन बघितल्याशिवाय काही खरं नाही

फोनवरच सांगा: मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोहोचल्यावर आधी सायलेन्सरच्या पाइपाला आणि सिलिंडरवरच्या पात्यांना हात लावा. कोमट लागले तर मालकाने आधी तापवून ठेवली आहे, म्हणजे इंजिन थंड असताना सुरू व्हायला ती त्रास देते असं धरा आणि दुसऱ्या दिवशी परत जा.

थंड असेल तर चोक पूर्ण ओढा, अ‍ॅक्सिलरेटरला हात लावू नका, बटण दाबा. चांगली गाडी दोन-तीन प्रयत्नांत सुरू होते. एक-दोन मिनिटांनी चोक अर्धा करा, चार-पाच मिनिटांत पूर्ण बंद. त्यानंतर ती १,००० ते १,२०० आरपीएमवर स्वतःहून स्थिर राहिली पाहिजे. चोक बंद केला की गाडी मरते, किंवा अ‍ॅक्सिलरेटर किंचित उघडला की अडखळते, तर कार्ब्युरेटरमधले पायलट जेट (आयडलिंगला पेट्रोल सोडणाऱ्या बारीक नळ्या) तुंबलेले आहेत. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं आणि इथल्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा थर काही महिन्यांत ते बुजवतो. विकणारा म्हणेल, "जरा चालवली की मोकळी होईल." पेट्रोलमध्ये क्लीनर टाकून हलका थर निघतो. वर्षानुवर्षं साचलेला नाही. कार्ब्युरेटर उतरवून उघडावेच लागतात, गॅरेजमध्ये तीनशे ते पाचशे डॉलर मोजावे लागतात. शिवाय बरेच डीलर दहा-पंधरा वर्षांवरच्या गाड्यांना हातच लावत नाहीत, हेही ध्यानात असू द्या. तेवढी रक्कम किमतीतून कमी करून घ्या.

दोन्ही सिलिंडर चालतात का, हे बघायची एक साधी रीत आहे. सुरू केल्यावर मिनिटभराने बाटलीतल्या पाण्याचे दोन-दोन थेंब दोन्ही पाइपांवर, सिलिंडरच्या अगदी तोंडाशी टाका. एकीकडे चर्रर करून उडून गेले आणि दुसरीकडे नुसतेच ओघळले तर दुसरा सिलिंडर मेलेला आहे. व्ही-ट्विन एका सिलिंडरवरही डुगडुगत चालते आणि नवख्या कानाला ते कळत नाही.

आयडलिंग अस्थिर असेल तर कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधले रबरी बूट वाकून बघा. चिरा दिसतात. शंका असेल तर मालकाची परवानगी घेऊन, गरम पाइपांपासून दूर, त्या बुटावर साध्या पाण्याचा बारीक फवारा मारा. आरपीएम बदलले तर तिथून हवा शिरते आहे. सायलेन्सर बदललेला आणि एअर बॉक्स काढून गोल फिल्टर लावलेले असतील तर जेट बदलले का ते विचारा. न बदलता चालवलेल्या गाडीत मिश्रण पातळ होतं, इंजिन जास्त तापतं. पाइप तोंडाशी गडद निळे पडले असतील तर हे घडलेलं आहे.

पांढरी वाफ थंडीत चालते. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. सुरू करताना एकदाच आला तर व्हॉल्व्ह सील, सतत आला तर रिंग. तळातून येणारा जड ठोका ऐकू आला तर पुढे काही बघू नका, निघा.

टाकीचं झाकण उघडून टॉर्च मारा. तांबूस खपल्या म्हणजे गंज, आणि तो कितीही साफ केला तरी परत कार्ब्युरेटरमध्ये उतरतो. इंजिन ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळीही खुणेच्या वर असेल तर पेट्रोलचा नळ आणि कार्ब्युरेटरची निडल दोन्ही गळतात, म्हणजे पेट्रोल सिलिंडरमधून खाली उतरलं. अशा तेलावर गाडी चालवली तर बेअरिंग जातात. पाण्याने थंड होणाऱ्या गाडीत तेल दुधी दिसलं तर कूलंट मिसळलाय.

विजेचा हिशोब

दहा-पंधरा डॉलरचा मल्टिमीटर सोबत न्या. जुन्या जपानी गाड्यांत इंजिनापेक्षा चार्जिंग जास्त रडवतं, आणि हे तपासायला पाच मिनिटं पुरतात. गाडी बंद असताना बॅटरीवर १२.६ ते १२.८ व्होल्ट हवेत. गाडी सुरू करून ४,००० आरपीएमच्या आसपास धरा, हेडलाइट चालूच असू दे. १३.८ ते १४.५ च्या दरम्यान दिसलं की निश्चिंत. १३ च्या खाली राहिलं तर स्टेटर, रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) किंवा त्यांच्यामधला कनेक्टर गेलेला. १५ च्या वर गेलं तर रेग्युलेटर बॅटरी उकळवतोय.

आकडा कमी आला तर लगेच स्टेटरला दोष देऊ नका. स्टेटरहून येणाऱ्या तीन एकाच रंगाच्या वायरी जिथे कनेक्टरला लागतात तिथे प्लास्टिक वितळलेलं, तपकिरी पडलेलं असतं का बघा. बऱ्याचदा दोष तिथेच निघतो आणि काही डॉलरच्या नव्या टर्मिनलवर काम भागतं. कनेक्टर सोडवून तीन वायरींच्या जोड्यांवर एसी व्होल्ट मोजा. तिन्ही जोड्यांत आकडा जवळपास सारखा आणि आरपीएमबरोबर वाढणारा हवा. एकच जोडी मागे राहिली, किंवा गाडी बंद असताना यातली एखादी वायर फ्रेमशी जुळलेली दाखवली, तर स्टेटर जळलेला आहे. व्हल्कन ७५० असेल तर इथेच थांबा.

उंच हँडल लावलेल्या गाडीत वायरी ओढून, जोडून, टेप गुंडाळून लांबवलेल्या असतात. हँडल दोन्ही टोकांना पूर्ण वळवा. इंजिन बंद पडलं किंवा आपोआप आरपीएम वाढले तर वायर किंवा केबल ताणली जातेय.

बाकीचा सांगाडा

टायरच्या बाजूवर डीओटीच्या अक्षरांनंतर शेवटी चार आकडे असतात. २३१८ म्हणजे २०१८ चा तेविसावा आठवडा. सहा-सात वर्षांवरचे टायर, नक्षी कितीही शिल्लक असो, बदलायचे. जोडीचे बसवून साडेतीनशे-चारशे डॉलर होतात. शाफ्ट ड्राइव्हच्या गाडीत मागच्या चाकाच्या गिअरचं तेल बघा. भरायच्या भोकाच्या कडेपर्यंत हवं आणि त्यात चमकणारा धातूचा चुरा नको. चेन असेल तर मागच्या स्प्रॉकेटच्या सगळ्यात मागच्या बिंदूवर ती बोटाने मागे ओढा. अर्धा दात उघडा पडला तर चेन-स्प्रॉकेटचा संच संपलाय. बेल्टला चिरा आणि खड्याने पडलेली भोकं बघा, पुरे.

पुढच्या फोर्कच्या चकचकीत नळीवर नख फिरवा. नखाला खड्डा लागला तर नवा सीलही काही महिन्यांत फाटेल, कारण तो खड्डा वर-खाली होताना सील कापत राहतो. पुढचं चाक उचलून धरायला कोणाला तरी सांगा आणि हँडल हळू वळवा. मधोमध किंचित अडकल्यासारखं झालं तर स्टिअरिंगचे बेअरिंग खड्डे पडून खराब झालेत. ब्रेक ऑइल मधाच्या रंगाचं चालेल, चहाच्या रंगाचं म्हणजे दोन-चार वर्षांत कोणी ढुंकूनही पाहिलेलं नाही. डिस्कवरच कमीत कमी जाडी कोरलेली असते, ती वाचा.

गाडी पडलेली आहे का, हे रंगावरून कळत नाही, कारण रंग नवा देता येतो. क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरची टोकं, हँडलची टोकं, फूटपेगच्या कडा बघा. हँडल पूर्ण वळवल्यावर फोर्क जिथे टेकतो तो फ्रेमवरचा लोखंडी ठोकळा वाकलेला किंवा त्यावरचा रंग चेपलेला असेल तर समोरून जोरात धडक बसलेली आहे. तिथून परत फिरा. सीटमागची फ्रेम कापून ‘बॉबर’ केलेली गाडी कितीही सुंदर दिसो, वेल्डिंग कोणी केलं हे माहीत नसेल तर घेऊ नका.

चालवून बघताना

बहुतेक विकणारे पूर्ण रोख रक्कम हातात ठेवल्यावरच चालवायला देतात. ते रास्त आहे. तुमच्या लायसन्सवर मोटारसायकलची नोंद हवीच. वरच्या गिअरमध्ये ताशी ४५ मैलांवर एकदम अ‍ॅक्सिलरेटर उघडा. आरपीएम चढले आणि वेग मागे राहिला तर क्लच घसरतोय. कधी कधी दोष फक्त कारचं तेल भरण्याचा असतो. त्यातली घर्षण कमी करणारी द्रव्यं ओल्या क्लचला मारक, म्हणून डब्यावर जेएएसओ एमए (JASO MA, ओल्या क्लचसाठीचं जपानी मानक) लिहिलेलंच तेल लागतं. तेल बदलून दोन-तीनशे मैलांत क्लच सावरू शकतो, पण विकत घेताना तो गेलेला धरूनच भाव करा. दुसऱ्या गिअरमध्ये जोर लावल्यावर गिअर निसटतो का बघा. निसटला तर इंजिन फोडल्याशिवाय इलाज नाही. ४० मैलांवरून ३० पर्यंत हळूहळू उतरताना हँडल थरथरलं तर टायर झिजून खडबडीत झालेला आहे किंवा स्टिअरिंगचे बेअरिंग सैल आहेत.

परत आल्यावर बंद करा, पाच मिनिटं गप्पा मारा आणि गरम गाडी पुन्हा सुरू करा. स्टार्टरचं आणि बॅटरीचं खरं रूप याच वेळी दिसतं.

कागद आणि भाव

टायटलवर, म्हणजे गाडीच्या मालकीच्या कागदावर, नाव विकणाऱ्याचंच हवं. "मित्राची आहे, त्याने सही करून ठेवलीय" हे ऐकलं की निघा. सॅल्व्हेज (विमा कंपनीने मोडीत काढलेली) किंवा रिबिल्ट (तशी गाडी दुरुस्त केलेली) लिहिलंय का, बँकेचं कर्ज बाकी आहे का ते बघा. हँडलच्या खाली फ्रेमच्या नळीवर कोरलेला व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) टायटलशी अक्षर न अक्षर जुळला पाहिजे. १९८१ पासूनच्या गाड्यांत तो सतरा अक्षरांचा असतो, दहावं अक्षर मॉडेल वर्ष सांगतं. एनआयसीबी (NICB) या विमा कंपन्यांच्या संस्थेच्या साइटवर चोरीची आणि सॅल्व्हेजची नोंद मोफत बघता येते, एनएचटीएसए (NHTSA) या सरकारी रस्ता-सुरक्षा संस्थेच्या साइटवर रिकॉलची. काही राज्यांत टायटलवरची सही नोटरीसमोर करावी लागते, ते आधी बघून जा. टायटलशिवायची गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी नको.

भाव करताना दोष एकेक करून न बोलता कागदावर लिहा आणि पुढे ठेवा: टायर चारशे, कार्ब्युरेटर चारशे, बॅटरी ऐंशी, फोर्क सील दोनशे. आकड्यांशी वाद घालणं अवघड असतं. उत्तरेकडच्या राज्यांत नोव्हेंबर ते फेब्रुवारीत भाव पडतात, मार्च लागला की चढतात. तीन हजारांचं बजेट असेल तर गाडी तेवीसशे-चोवीसशेची बघा. उरलेले पहिल्या महिन्यात लागतातच.

ते असे लावा: आधी टायर आणि ब्रेक ऑइल, मग इंजिन ऑइल आणि फिल्टर, पाण्याची गाडी असेल तर कूलंट, त्यानंतर व्हॉल्व्हची सेटिंग. शाफ्टच्या गाडीत टायरसाठी मागचं चाक निघालेलं असतानाच तिथल्या दातेरी जोडावर मॉलिब्डेनमची ग्रीस लावून घ्या आणि मागच्या गिअरचं तेलही बदला. ते जेमतेम २०० मिली लागतं. चाक बसवायच्या आधी टायरवाल्याला हे सांगून ठेवा. नाहीतर तो कोरड्या दातांवरच चाक चढवून देईल आणि पुढचा टायर बदलेपर्यंत ते दात झिजत राहतील.